सभेची सूचना दप्तरातच राहू नये



शाळकरी मुलींच्या बाबतीत एक तक्रार दवाखान्यात नित्य ऐकू येते. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, मधूनच ताप. लघवीची तपासणी होते, औषध दिले जाते, मूल बरे होते आणि काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येते. आई-वडील कामावर असल्यामुळे सोबत बहुधा आजी किंवा आजोबा असतात. ‘पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी येते,’ असे आजी सांगतात, तेव्हा निम्मे निदान त्यांनीच केलेले असते.

मुलगी पाणी पीत नाही, कारण प्यायल्यास शाळेतील स्वच्छतागृहात जावे लागेल. तेथे कुठे दाराची कडी मोडलेली असते, कुठे नळाला पाणी नसते. म्हणून ती घरी येईपर्यंत लघवी रोखून धरते. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे झाले नाही की जंतूंना वाढण्यास अवसर मिळतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा धोका अधिक. शौचही रोखले गेले तर बद्धकोष्ठ होतो आणि भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येऊन त्रासात भर पडते. जंतूंवर डॉक्टरांजवळ औषध आहे. मोडलेल्या कडीवर नाही. तो विषय मांडण्याची जागा म्हणजे शाळेतील पालक-शिक्षक संघाची सभा.

नेमक्या याच सभेकडे पुष्कळ पालक फिरकत नाहीत. सभा कामाच्या वेळी असते, तेथे मुलाची गाऱ्हाणीच ऐकावी लागतात, चार ठरावीक मंडळीच सारे ठरवतात, अशी कारणे सांगितली जातात. काहींना आपले शिक्षण कमी असल्याचा संकोच वाटतो. ही कारणे खोटी नाहीत. परंतु रिकाम्या खुर्च्यांमुळे यांपैकी एकही दूर होत नाही.

कायद्याने पालकांना येथे हक्काचे स्थान दिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते; तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठी २०११ चा शुल्कविषयक कायदा आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक त्याचे सदस्य असतात. म्हणजे आपल्याला कोणाच्या घरी आगंतुक म्हणून जायचे नाही.

यात ज्येष्ठांनी काय करावे? पहिले म्हणजे, सभेची सूचना दप्तरात किंवा सूनबाईंच्या फोनवरच राहू देऊ नये. ती विचारून दिनदर्शिकेवर तारीख लिहून ठेवावी. दुसरे, आपल्याला जे दिसते, म्हणजे परत आलेला डबा, न प्यायलेले पाणी, दप्तराने वाकलेली पाठ, ते मुलगा-सुनेला सांगावे. मात्र ‘तुम्हाला वेळच कुठे असतो’ असा टोमणा मारू नये. टोमण्याने माणूस सभेला जात नाही, फक्त गप्प बसतो. त्या दोघांनाही जाणे अशक्य असेल, तर मुख्याध्यापकांना आधी विचारून आणि त्यांचे पत्र घेऊन आपण जावे.

तिसरे, शेजारच्या एका तरी घराला सोबत घ्यावे. ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ ही सूचना कोणालाच उद्देशून नसते; ओळखीच्या माणसाचा फोन मात्र मोडवत नाही. ‘तुमच्या धाकट्याला तासभर मी सांभाळते, तुम्ही जाऊन या,’ एवढे म्हणणारी आजी दहा पत्रकांचे काम करते. आलेल्या पालकाला मोठे पद नको, लहानसे काम द्यावे. एकाने पाण्याची टाकी केव्हा धुतली ते विचारावे, दुसऱ्याने स्वच्छतागृहाच्या कड्या पाहाव्यात. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. अतिरिक्त मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात व फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. हे नियम कागदावर आहेत. ते पाळले जातात का, एवढेच विचारायचे. सभा शनिवारी किंवा सायंकाळी ठेवण्याची विनंतीही अवश्य करावी.

एक पथ्य मात्र पाळावे. नातीचे दुखणे भर सभेत तिच्या नावाने सांगू नये. ‘मुली पाणी पिण्याचे टाळतात, स्वच्छतागृह पाहू या,’ असे सर्वांसाठी बोलावे. शिक्षकांवर दोषारोप न करता एका सभेत एकच मागणी धरावी आणि पुढील सभेत तिचे काय झाले, हे शांतपणे विचारावे.

दरम्यान मुलीला थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणे किंवा उलट्या असा त्रास झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. औषधाचा क्रम बरे वाटले म्हणून अर्धवट सोडू नये.

आणि आपणही जाताना स्वतःची काळजी घ्यावी. गुडघे दुखत असल्यास तळमजल्यावर बैठक ठेवण्यास संकोच न करता सांगावे. मधुमेह असणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. सभा लांबतात, हा सर्वांचाच अनुभव आहे.