टीप लिहावी ती कारणाची

पायथॉन भाषेत प्रोग्रॅम लिहिताना '#' हे चिन्ह घातले, की त्यापुढचा त्या ओळीतील मजकूर संगणक सोडून देतो. याला कॉमेंट म्हणतात. आपण टीप म्हणू. संगणक ती पाहत नाही, म्हणजे ती माणसासाठीच असते हे उघड आहे. पण येथे सोलापुरात तपासायला येणाऱ्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांत 'ग = 9.8' या ओळीपुढे 'ग ची किंमत 9.8 धरली' अशी टीप हमखास आढळते. ओळ सांगते तेच पुन्हा! काही परीक्षक टिपा मोजून गुण देतात, त्याचे हे फळ आहे. ही पद्धत बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे हवी होती ती 'मीटर प्रति सेकंद वर्ग. हवेचा विरोध धरलेला नाही' अशी टीप. एकक व गृहीतक नुसत्या आकड्यावरून कळत नाहीत. (पायथॉन 3 मध्ये नावेही देवनागरीत चालतात. 'ग' ऐवजी 'गुरुत्वत्वरण' असे नाव दिले, तर निम्मे काम नावानेच होते.)

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे एके काळी मठ निघाला होता. त्यांच्या 1150 च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त परीघ काढण्याच्या दोन रीती आहेत. व्यासाला 3927 ने गुणून 1250 ने भागावे, किंवा 22 ने गुणून 7 ने भागावे. पहिली सूक्ष्म, दुसरी स्थूल पण व्यवहाराला योग्य, असे आचार्य तेथेच सांगतात. आकडे कोणीही उतरवून घेईल. कोणती रीत कोठे वापरावी हे मात्र त्या शब्दांमुळेच कळते.

आता तुम्ही 'परीघ = व्यास * 22 / 7' असे लिहून पुढे '# स्थूल मान; चूक सुमारे 0.04 टक्के, सायकलच्या चाकाला पुरेसे' अशी टीप दिलीत. उत्तम! पण उद्या 22 / 7 खोडून 3927 / 1250 घातले आणि टीप तशीच राहिली, तर? ओळीत चूक झाली तर संगणक निदान काही वेळा अडतो तरी. टीप खोटी ठरली तर तो चकार शब्द काढत नाही, आणि वाचणारा फसतो. म्हणून ओळ बदलताच टीप बदलावी. तेवढा वेळ नसेल तर ती खोडून टाकावी.

परीक्षकांनी टिपा मोजण्याऐवजी तो प्रोग्रॅम शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि 'येथे 22 / 7 का घेतले?' असे विचारावे. त्याला उत्तर टिपेत सापडले, तर पहिल्याला पूर्ण गुण द्यावेत.