जुना लॅपटॉप टाकून देण्याआधी



या सदरात आपण एरवी पीक, पाणी, जनावरे आणि अवजारे यांविषयी बोलतो. या वेळी लॅपटॉपविषयी बोलायचे आहे. त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घरात आलेले हे यंत्र आता पुष्कळ घरांत शेतीचे अवजारच झाले आहे. सातबाराचा उतारा काढायचा तो त्यावर, पीक विम्याचा अर्ज भरायचा तो त्यावर, आणि डेअरीच्या बिलापासून गटाच्या जमाखर्चापर्यंत सारे लिहून ठेवायचे तेही त्यातच.

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या बचत गटाचा सहा वर्षांचा हिशेब घरातल्या लॅपटॉपमध्ये आहे. लॅपटॉप आठ वर्षांचा. गेले वर्षभर तो इतका मंद चालत होता की सुरू करून चहा टाकावा, आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचे चाक फिरतच असावे. आता आठ दिवसांपासून तो सुरूच होत नाही. दुकानदार म्हणाला, "यात काही राम राहिला नाही, नवा घ्या." इकडे बँकेत कर्जासाठी हिशेब दाखवायचा आहे, आणि गटात कुजबुज सुरू झाली आहे. त्या लिहितात, "साहेब, यंत्र गेले तर गेले, पण हिशेब गेला तर मी बायकांना तोंड कसे दाखवू?"

ताई, आधी धीर धरा. यंत्र वेगळे आणि त्यातला हिशेब वेगळा. घराचे छप्पर कोसळले म्हणून कणगीतले धान्य जात नाही. लॅपटॉपमध्ये ही कणगी म्हणजे हार्ड डिस्क. चार्जर जळो, पडदा फुटो, मदरबोर्ड जावो, हार्ड डिस्क शाबूत असेल तर हिशेब शाबूत असतो. ती डिस्क काढून, लहानशा डबीत बसवून, दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली उतरवून घेता येतात. म्हणून दुकानात पाऊल टाकताच एकच वाक्य सांगा : "आधी माहिती काढून द्या, मग दुरुस्तीचे बघू. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." फॉरमॅट म्हणजे कणगी झाडून रिकामी करणे. तेवढे झाले की यंत्र चालू होईल, पण हिशेब गेलेला असेल.

आता दोष कसा शोधायचा ते पाहू. पीक पिवळे पडले की शहाणा शेतकरी लगेच युरियाची गोणी फोडत नाही. पाणी साचले आहे का, मुळे कुजली आहेत का, कीड आहे का, हे तो आधी बघतो. इथेही तसेच. सोप्यापासून सुरुवात करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

सुरूच होत नसेल तर

न सुरू होण्याचेही तीन प्रकार आहेत. आपला कोणता, ते ओळखावे.

पहिला प्रकार : बटण दाबले तरी दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. इथे संशय विजेवर घ्यावा. त्या सॉकेटमध्ये मोबाइल चार्ज होतो का ते पाहावे. चार्जरची वायर उंदराने कुरतडली आहे का, पिन ढिली झाली आहे का, हे तपासावे. जमल्यास तसाच दुसरा चार्जर लावून बघावा. मात्र दोन्हींवर लिहिलेले व्होल्ट सारखेच हवेत, आणि अँपिअर मूळ चार्जरइतके किंवा त्याहून जास्त हवेत. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असे नाही.

एवढे करूनही दिवा लागला नाही, तर एक बिनखर्ची उपाय करावा. चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी. मग सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत अडकून राहिलेली वीज त्याने निघून जाते. त्यानंतर बॅटरी न लावता नुसता चार्जर लावून बटण दाबावे. सुरू झाला तर दोष बहुधा बॅटरीत आहे, आणि बॅटरी बदलता येते. बॅटरी आत बंद असेल तर चार्जर काढून नुसते बटण दाबून धरावे.

दुसरा प्रकार : दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. अंधुक अक्षरे दिसली तर दोष फक्त पडद्यामागच्या प्रकाशात आहे. घरातल्या टीव्हीला एचडीएमआयच्या वायरीने जोडून बघावे. टीव्हीवर चित्र आले तर यंत्र जिवंत आहे, हिशेब लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. चित्र कुठेच नाही, किंवा ठरावीक टूं-टूं आवाज येतो, तर रॅमची पट्टी ढिली झालेली असू शकते. जाणकाराकडून ती काढून, पुसून पुन्हा बसवून घ्यावी. पुष्कळदा काम तेवढ्यावरच भागते.

तिसरा प्रकार : कंपनीचे नाव दिसते आणि गाडी तिथेच अडते, किंवा बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येतो. इथे डिस्क किंवा विंडोज बिघडले आहे. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर यंत्र ताबडतोब बंद करावे आणि पुन:पुन्हा सुरू करून बघू नये. असा आवाज म्हणजे आतले फिरते भाग घासत असण्याचा संभव असतो, आणि दर वेळी थोडी थोडी माहिती जाऊ शकते. आवाज नसेल, तर तीनेक वेळा सुरू होण्यात अडथळा आला की विंडोज स्वत:च दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यातली स्टार्टअप रिपेअर करून पाहण्यास हरकत नाही. "रिमूव्ह एव्हरीथिंग" मात्र कोणी सांगितले तरी दाबू नये. "कीप माय फाइल्स" यानेही फाइली राहतात, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर पुसले जाते. म्हणून तेही माहिती उतरवून घेतल्यावरच.

मंद चालत असेल तर

यंत्र सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के कामात आहेत ते दिसते. हा आपला ताप मोजण्याचा थर्मामीटर समजा.

डिस्क काही काम नसताना सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क हे बहुधा कारण असते. लॅपटॉपमधली अशी डिस्क सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि आजच्या सॉफ्टवेअरला ती पुरी पडत नाही. तिच्या जागी एसएसडी बसवली की जुना लॅपटॉप ओळखू येणार नाही इतका फरक पडतो. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे धक्क्याचे भयही कमी. नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च फार थोडा आहे. जुनी डिस्क मात्र दुकानात सोडू नये, परत मागून घ्यावी. आपला हिशेब तिच्यात आहे.

मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवता येते का ते विचारावे. ४ जीबीवर आज ओढाताण होते, ८ जीबीवर घरगुती काम सुखाने चालते. पट्टी घ्यायला जाताना यंत्र सोबत न्यावे, कारण डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते, तिथे हा उपाय नाही.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप नावाचा भाग आहे. यंत्र सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी तिथे मिळते. नको ती बंद करावीत. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवावा. एका दावणीला दोन मारके बैल बांधले तर काम बाजूला राहते आणि झुंजच चालते. डिस्कची किमान १५ ते २० टक्के जागा मोकळी राहू द्यावी. लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवावेत.

थोडा वेळ बरा चालून मग मंद होत असेल, तापत असेल, तर पंख्यात धूळ आहे. मळणीची कुसळे, चुलीचा धूर, झुरळे, सारे त्या जाळीत जाऊन बसते. यंत्र बंद करून, चार्जर काढून मऊ ब्रशने जाळी साफ करावी. ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरण्याचा कंप्रेसर मात्र त्यावर मारू नये. गोधडीवर किंवा गादीवर लॅपटॉप ठेवून काम करू नये, खालून हवा जायची वाट बंद होते. साधी पाटी किंवा पाट पुरे.

आणखी एक लहान गोष्ट. दर वेळी तारीख मागे जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. तारीख चुकीची असली की सरकारी आणि बँकेच्या साइट उघडत नाहीत, आणि माणूस उगाच इंटरनेटला दोष देत बसतो.

कोठे थांबावे

मदरबोर्ड जळला असेल आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर तिथे पैसा घालू नये. बॅटरी फुगून तळ वर आला असेल, माउसची पट्टी उचलली असेल तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे. बॅटरी दाबू नये, टोचू नये, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नये. ती पेट घेते. जाणकाराकडून काढवून ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.

विंडोज १० ची नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा लागते, ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार टाळावेत, किंवा जाणत्या मुलाकडून लिनक्स मिंट बसवून घ्यावे. ते फुकट आहे, आणि एक्सेलच्या फाइली त्यात लिबरऑफिसवर उघडतात. विंडोजसाठीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र त्यावर सरळ चालत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

पडद्यावर "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असे आले तर फोन करू नये आणि कोणी सांगितले म्हणून कसलेही ॲप घेऊ नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आजच करावयाचे काम

ज्यांचा लॅपटॉप धड चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एक पेनड्राइव्ह काढावा. हिशेबाच्या फाइली त्यावर उतरवाव्यात. महिन्याच्या दर बैठकीनंतर हे करावे, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता गटाच्या दुसऱ्या ताईंच्या घरी ठेवावा. एका घरी चोरी झाली, पाणी शिरले, तरी दुसरीकडे प्रत राहते. महिन्याच्या जमाखर्चाचा एक कागद छापून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि फाइलला लावावा. यंत्र बंद पडले तर कागद बोलतो, आणि कुजबुजीला जागाच राहत नाही.

वळिवाचे ढग दिसू लागले की लॅपटॉपचा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत सोसतो, वीज कोसळल्यावर येणारा दाब सोसत नाही. यंत्राला हात लावताच मुंग्या येत असतील तर घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. त्यात लॅपटॉपपेक्षा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

बियाणे आपण कधी एकाच मडक्यात ठेवत नाही. हिशेबही ठेवू नये.