म्हातारपणाची काठी अंगणवाडीत घडते

जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखरपट्ट्याकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गावात मागे उरतात ती वृद्ध माणसे. आई-वडिलांबरोबर जातात ती बहुधा लहान मुले. राज्याच्या उद्याच्या अर्थकारणाचा पेच या एका स्थलांतरात सामावलेला आहे.

महाराष्ट्राचे वय वाढते आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा प्रजनन दर १.७ आढळला, लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ मधील अहवालानुसार २०५० मध्ये देशातील दर पाच व्यक्तींमागे एक ज्येष्ठ नागरिक असेल. आज तीन वर्षांचे असलेले मूल तेव्हा ऐन कमावत्या वयात असेल. निवृत्तिवेतन असो वा सरकारी रुग्णालय, त्यांचा भार त्याच्याच कमाईवर पडणार आहे. हात कमी असतील, तर प्रत्येक हात अधिक समर्थ हवा.

हे सामर्थ्य पहिलीच्या वर्गाआधीच आकार घेऊ लागते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६० च्या दशकात गरीब मुलांसाठी चाललेल्या पेरी बालशाळेचा अभ्यास नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी केला. तेथील खर्चाचा समाजाला मिळालेला परतावा दरसाल ७ ते १० टक्के असल्याचे त्यांना आढळले. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण थेट आदिवासी मुलांच्या अंगणात नेले होते.

मात्र कायद्यात येथेच फट राहिली आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला हक्क देतो. हंगामी वसतिगृहेही शाळकरी मुलांसाठीच. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची व्यवस्था याच कायद्याच्या कलम ११ ने शासनाच्या इच्छेवर सोडली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण आराखड्यात घेतले खरे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

ज्येष्ठांनाच पुरेसा आधार नसताना बालकांवर खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु मूल गावी राहिले, तर त्याला सांभाळते ती आजीच. पाळणाघराची जोड असलेली पूर्णवेळ अंगणवाडी आजी आणि नातवंड या दोघांचाही आधार ठरेल. जी मुले जातातच, त्यांच्यासाठी कारखाना परिसरातील कोप्यांजवळ हंगामी अंगणवाडी हवी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रतिटनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरले आहे. त्यातील निश्चित वाटा या वयोगटासाठी राखून ठेवणे अशक्य नाही.

पंचवीस वर्षांनंतरच्या वृद्धांचा आधार आज उसाच्या फडात पाचटावर खेळतो आहे. त्याची अंगणवाडी हंगामात चुकू न देणे, हीच राज्याची खरी म्हातारपणाची तरतूद ठरेल.