केसकरांची कात्री, लाडांचा लकडा

पुण्यात जन्मलेले, धृपद शिकलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि देशाने काय ऐकावे हे पुढची दहा वर्षे ठरवत राहिले. आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी १९४० पासूनच होती. केसकरांनी हात घातला तो सिनेसंगीताला. वेळ घटवला, गाणी चाळून घ्यायला लावली आणि गाण्यासोबत सिनेमाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही थांबवले. निर्माते बिथरले, त्यांनी गाणी वाजवण्याचे परवानेच काढून घेतले.

गाणी रेडिओ सिलोनला गेली. बुधवारी रात्री घरात जाळीची एरियल ताणलेली, शॉर्ट वेव्हवर काटा केसभर इकडे, केसभर तिकडे आणि खरखरीतून वर येणारा अमीन सयानींचा आवाज. रेडिओच्या लायसन्सचे पैसे पोस्टात भरायचे आपल्या सरकारला, ऐकायचे मात्र कोलंबो! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी केसकरांच्याच खात्याला विविध भारती सुरू करावी लागली.

तरी त्यांना नुसते खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ चाच. बल्लारपूरसारख्या पेपर मिलच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावात बड्या गवयाची मैफल कोण लावणार होते? शनिवारी रात्री ती रेडिओवर घरबसल्या मिळायची. केसकरांचा कान चांगलाच होता. चुकले ते दुसऱ्याच्या कानावर पहारा बसवला तिथे.

त्याच आकाशवाणीत, त्यांच्याच कारकिर्दीत, पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते. त्यांनी काही बंद केले नाही. मित्र ग. दि. माडगूळकरांच्या मागे लकडा लावून वर्षभराची गीतमालिका मागितली. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार: गीतरामायण सुरू झाले. तिथून दर आठवड्याला नवे गाणे, चाल सुधीर फडक्यांची, गळे माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे. अधिक महिना आला म्हणून गाणी ५६ झाली. केसकरांना हवी असलेली रागदारी अशी घराघरांत गेली, एकही फर्मान न काढता. केसकरांचे नाव आज निघते ते बंदीपुरते. लाडांचे तर तेवढेही निघत नाही, याचे वाईट वाटते.

जाहिराती घेणारी विविध भारती १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे आणि नागपुरातून सुरू झाली. म्हणजे पैशाची वाटही विदर्भाने फार आधी पाहिली. आज चंद्रपूरला आपले स्वतःचे आकाशवाणी केंद्र आहे. भात घरात आला की वडसा परिसरातून झाडीपट्टीची नाटकमंडळी निघतात, रात्ररात्र गाणी रंगतात. जंगलपट्टीत दंडार आहे, गोंडांचा रेला आहे. हे सगळे केंद्राच्या हाकेच्या अंतरावर. आठवड्याला एक नवे गाणे, पंधरा मिनिटे, वर्षभर: लाडांसारखे एवढे मागण्याचा अधिकार आणि कलावंतांचे मानधन चंद्रपूरच्या केंद्रप्रमुखाच्या हातात द्यावे. दिवाळीनंतरचा हंगाम धरायचा तर कवी आणि गायक आत्ताच गाठावे लागतील.

— बल्लारपूरकर