एलईडी मुखवटा आणि वांगाचा चेहरा

घरच्या घरी चेहऱ्यावर चढवावयाचा एलईडी दिव्यांचा मुखवटा आता मुंबई-पुण्याच्या सौंदर्यगृहांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावची महाविद्यालयीन युवती तो ऑनलाइन मागविते, महिना-दोन महिने वापरते आणि नंतर आपल्याकडे येते. याविषयी व्यवसायबंधूंमध्ये दोन प्रतिक्रिया आढळतात. काही जण ‘हे सारे थोतांड आहे’ असे म्हणून विषय झटकून टाकतात. काहींनी मात्र तो मुखवटा स्वतःच्या चिकित्सालयात आणून ठेवला असून त्याला ‘आयुर्वेदीय प्रकाशचिकित्सा’ असे भारदस्त नावही दिले आहे. आमच्या मते दोन्ही भूमिका सदोष आहेत. त्यातही दुसरी अधिक घातक आहे.

प्रथम थोतांडाचा आक्षेप. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हापासून प्रकाश हे आधुनिक वैद्यकाचे मान्य साधन आहे. सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश मुरुमांतील जिवाणूंमधील पॉर्फिरिन या द्रव्यास उत्तेजित करून त्या जिवाणूंचा नाश करतो. तांबडा प्रकाश अधिक खोल जातो व शोथ कमी करण्यास साहाय्य करतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य ते मध्यम मुरुमांच्या १०७ रुग्णांना चार गटांत विभागले होते. निळा व तांबडा प्रकाश एकत्रित मिळालेल्या गटातील शोथयुक्त पीटिका बारा आठवड्यांत सरासरी ७६ टक्क्यांनी घटल्या. ती चाचणी दिव्यांची होती, आजच्या मुखवट्यांची नव्हे, हे ध्यानात ठेवूनही तत्त्व निराधार आहे असे म्हणता येत नाही.

आपल्याही शास्त्रास प्रकाश परका नाही. चरकाचार्यांनी कुष्ठचिकित्सेत श्वित्राच्या रुग्णास सूर्यसंताप सांगितला आहे. पण तो कसा? आधी स्नेहन, मग स्रंसन, मग बल पाहून ऊन, त्यानंतर तीन दिवस पेया. ऊन फुकट मिळते म्हणून ते कोणीही, कितीही घ्यावे असे आचार्यांनी म्हटलेले नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. मराठीत ‘डाग’ हा शब्द फार सैल आहे. मुरूम बरा झाल्यावर राहिलेली खूण हा डाग, आणि गालांवर, कपाळावर पसरलेला वांग हाही डागच. जाहिरात ‘डाग घालवा’ एवढेच सांगते. सुश्रुताचार्यांनी मुखदूषिका आणि व्यंग ही दोन्ही क्षुद्ररोगांतच वर्णिली आहेत; तथापि पहिलीत कफ, वात व रक्त यांची दुष्टी आहे, तर दुसऱ्यात क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्ताशी संयुक्त होतो. दोषभेद असता चिकित्साभेद असणारच, हे आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. मुखवट्यास ते ठाऊक नाही. त्यावर सात रंगांची बटणे असतात आणि कोणते दाबावयाचे हे ग्राहकच ठरवितो.

येथे आधुनिक संशोधनच आपल्या रुग्णांच्या वतीने बोलते. सावळ्या त्वचेवर केवळ दृश्य प्रकाश पाडला असता ती काळवंडते व तो काळेपणा टिकतो, गोऱ्या त्वचेवर मात्र तसा परिणाम होत नाही, हे २०१० साली दाखविले गेले. २०१४ सालच्या दुसऱ्या अभ्यासात ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने झालेला काळेपणा तीन महिन्यांपर्यंत टिकल्याचे दिसले. ६३० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाने तसे घडले नाही. म्हणजे जो निळा प्रकाश मुरुमांचे जिवाणू मारतो, तोच महाराष्ट्रातील बहुसंख्य गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांवर वांग वाढवू शकतो. अभ्यासातील प्रकाशाची मात्रा आणि घरगुती मुखवट्याची मात्रा एकच असते असे नाही, हे खरे. परंतु प्रसूतीनंतर वांग आलेल्या भगिनीने, किंवा मुरूम गेला तरी काळी खूण मागे राहते अशा युवतीने, निळे बटण रोज दाबणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

(जाता जाता एक गोष्ट. दृश्य प्रकाश अडविण्यासाठी हल्ली रंगीत सनस्क्रीनमध्ये लोहाचे ऑक्साइड घालतात. आपला गैरिक, म्हणजे गेरू, हेही मुख्यतः तेच. म्हणून गेरूच्या लेपास कोणी उद्या ‘प्राचीन सनस्क्रीन’ म्हणून विकू लागू नये. मोजमाप केल्याविना तसा दावा करता येणार नाही.)

मात्रेविषयी तर बाजारात अंधारच आहे. दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट शक्तीचा दिवा दहा मिनिटे वापरला तर त्वचेस १८ ज्यूल ऊर्जा मिळते. हा हिशेब सोपा आहे. पण दिव्याची शक्तीच वेष्टनावर छापलेली नसेल तर तो करावा कसा? प्रकाशाची मात्रा अल्प असेल तर परिणाम नाही, आणि अती झाली तर अपेक्षित परिणाम उलट मंदावतो. आपल्याकडे साध्या मुखलेपाचीही जाडी अंगुलाच्या अंशात सांगितली आहे, तो वाळण्यापूर्वी काढावा व रात्री लावू नये असाही दंडक आहे. लेपास जी शिस्त आपण लावतो, ती विजेच्या यंत्रास का नको? तीच गोष्ट अमेरिकी औषध प्रशासनाच्या ‘मान्यते’ची. बहुतेक मुखवट्यांना जी परवानगी असते, तिचा अर्थ पूर्वीच्या एखाद्या उपकरणाशी हे समतुल्य आहे, एवढाच असतो.

नेत्रांची गोष्ट स्वतंत्र आहे. न्यूट्रोजिना कंपनीने मुरुमांवरील आपला प्रकाश-मुखवटा २०१९ साली परत मागविला. विशिष्ट नेत्रविकार असलेल्या वा प्रकाशसंवेदी औषधे घेणाऱ्या काही व्यक्तींच्या डोळ्यांस इजेची शक्यता, हे कारण होते. मुरुमांचे अनेक रुग्ण डॉक्सिसायक्लीन घेऊन मग आपल्याकडे येतात, हे विसरून चालणार नाही. आपल्या बाकुचीतील सोरालेन मुख्यतः अतिनील किरणांनी उत्तेजित होते, निळ्या प्रकाशाने नव्हे; तरीही बाकुचीचे कल्प चालू असताना चेहरा अशा यंत्राखाली धरू देऊ नये.

आता ‘आयुर्वेदीय प्रकाशचिकित्सा’. हिरवा रंग पित्तशामक, निळा अमुक, पिवळा तमुक, असे तक्ते काही चिकित्सालयांच्या भिंतींवर आम्ही पाहिले आहेत. मुखवट्याच्या सात बटणांचा त्रिदोषांशी संबंध जोडणारे वचन बृहत्त्रयीत नाही. विक्रेत्याने असे बोलावे, हे एक वेळ समजू शकते. पण वैद्याने आपल्या पदवीचा फलक त्या तक्त्याशेजारी लावणे म्हणजे उद्या कोणी संहितेचा आधार मागितला की निरुत्तर होणे होय. ज्यांना यंत्र वापरावयाचे आहे त्यांनी ते आधुनिक यंत्र म्हणूनच वापरावे. सौम्य मुरुमांत, डोळे नीट झाकून, तांबडा प्रकाश पूरक म्हणून घेण्यास आमची हरकत नाही. मात्र वमनार्ह रुग्णाचे वमन त्यासाठी टाळू नये, आणि रात्री बारा वाजता दही व फरसाण खाणाऱ्यास मुखवट्याचा हप्ता भरावयास लावू नये.

संघटनेच्या रुग्णपत्रिकेत ‘बाह्योपचार’ या रकान्यात तेल, लेप, साबण, मलम एवढेच विचारले जाते. तेथे ‘घरगुती प्रकाशयंत्र : रंग, कालावधी, केव्हापासून’ अशी एक ओळ पुढील छपाईपासून वाढवावी, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. तोपर्यंत सभासदांनी ती हाताने लिहून घ्यावी.