मला दिसतंय की!

शुगर असलेल्या माणसाला डोळे तपासून घ्या म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं : "मला दिसतंय की! सुईत दोरा ओवते अजून." फसायला होतं ते इथंच. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ लागतात, तेव्हा सुरुवातीला ना दुखतं, ना कमी दिसतं. नजर मंदावेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. लेसर किंवा इंजेक्शनने ते वाढणं बहुधा रोखता येतं. पण गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नव्हे. पडदा तपासताना डोळ्यांत थेंब टाकतात. थोडं चुरचुरतं. साधारण अर्ध्या तासात बाहुली मोठी होते, मग डॉक्टर प्रकाश टाकून आत पाहतात किंवा फोटो घेतात. उजेड क्षणभर झगझगतो, इतकंच. नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. म्हणून सोबत कुणाला तरी न्या, गॉगल ठेवा, स्वतः गाडी चालवू नका.

टाइप २ मधुमेह कळताच पहिली तपासणी करावी, पुढे साधारण वर्षातून एकदा. दोष आढळल्यास डॉक्टर सांगतील तेव्हा. आधीपासून मधुमेह असलेल्या सुनेला किंवा लेकीला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच.

अनेक घरांत अब्बांची तपासणी होते, अम्मींची "पुढच्या महिन्यात" राहते. दोघांनाही शुगर असेल, तर दोघांचा नंबर एकाच दिवशी लावा.