थायमोसिनची आशा आणि चाचणीचा कौल

गंभीर संसर्गाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाची ढासळलेली रोगप्रतिकारशक्ती इंजेक्शनने सावरता येईल, या आशेला जानेवारी २०२५ मध्ये धक्का बसला. 'थायमोसिन अल्फा-१' या औषधाने सेप्सिसच्या रुग्णांचे मृत्यू घटतात, याचा स्पष्ट पुरावा नसल्याचा निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

या औषधाचे मूळ उरोस्थीमागील थायमस ग्रंथीत आहे. पौगंडावस्थेनंतर ती आकसत जाते, म्हणून तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. ती निरुपयोगी असल्याचा समज जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये खोडून काढला. नवजात उंदरांची ही ग्रंथी काढताच त्यांची प्रतिकारशक्ती कोलमडली. 'टी' पेशी येथेच घडतात आणि शरीरावरच उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी येथेच बाद होतात. अॅलन गोल्डस्टीन व अब्राहम व्हाइट यांनी १९६६ मध्ये वासरांच्या ग्रंथीतून 'थायमोसिन' मिळवले. त्यातील २८ अॅमिनो आम्लांच्या पेप्टाइडची रचना १९७७ मध्ये उलगडली. चीनसह अनेक देशांत ते 'हिपॅटायटिस बी'वर वापरले जाते.

सेप्सिसमधील आशा २०१३ च्या एका चाचणीने वाढवली होती. चीनमधील त्या चाचणीत ३६१ रुग्ण होते. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात ३५ टक्के, तर औषध मिळालेल्या गटात २६ टक्के होते. नव्या चाचणीत चीनमधीलच २२ केंद्रांवरील १,१०६ रुग्ण घेण्यात आले आणि ही तफावत जवळपास पुसली गेली. औषधाच्या गटात २३.४ टक्के, तर दुसऱ्या गटात २४.१ टक्के रुग्ण दगावले.

याचा अर्थ ग्रंथीचे महत्त्व कमी झाले, असा नाही. प्रौढपणी ती काढलेल्या रुग्णांत पाच वर्षांतील मृत्यू ८.१ टक्के, तर तुलनेच्या गटात २.८ टक्के असल्याचे २०२३ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. मात्र ग्रंथी मोलाची म्हणून तिचा एक अंशही गुणकारी, हे गणित जुळत नाही. सेप्सिसमध्ये प्रतिकारयंत्रणा कधी भडकते, तर कधी थंडावते. नव्या चाचणीत साठीपुढील व मधुमेही रुग्णांत लाभाचे, तर साठीखालील रुग्णांत अपायाचे संकेत दिसले. ते पुरावे नव्हेत. पण सर्वांना एकच मात्रा देणे योग्य आहे का, हा प्रश्न ते उभा करतात.

प्रतिकारशक्ती 'वाढवण्या'च्या दाव्यांना येथेच मर्यादा पडते. तिला बळाइतकाच समतोलही लागतो. कोणत्या रुग्णाला, कोणत्या टप्प्यावर औषध द्यावे, हे ठरेपर्यंत अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना या इंजेक्शनची खात्री देणे योग्य ठरणार नाही.